गोळा केलेला सामना

अशी जवळ ये गं पोरी. कागद हातात घेऊन तिकडे पुण्यात वाचत असशील, तरी जवळ ये; समोर कोणी बसलंय असं वाटल्याशिवाय मला सांगताच येत नाही. आणि आधी दोन बोलणी खाऊन घे. दिवाळीत आलीस, माझी पेटी उघडलीस, आणि आतली वस्तू दोन बोटांत धरून म्हणतेस काय, "आजी, हा नारळ सडला वाटतं, फेकू?" नारळ म्हणे! कॉलेजात पोरींच्या टीममध्ये फुटबॉल खेळतेस आणि फुटबॉल ओळखता येत नाही? जाळ्याचा तुकडा उचलून म्हणालीस, ही भांडी घासायची जाळी का. मी तेव्हा अनारशांत अडकले होते म्हणून वाचलीस. आणि परवा फोनवर पुन्हा, "थोडक्यात सांग ना, आजी." थोडक्यात सांगायचं असतं तर तुझ्या आजोबांनीच सांगितलं असतं. त्यांच्याइतकं थोडक्यात बोलणारा माणूस आपल्या घरात दुसरा झाला नाही.

तुझे आजोबा म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन वाशीमजवळच्या मालेगावात आले तेव्हा त्यांना नुकत्या मिशा फुटत होत्या. आपला मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात मोडायचा, आणि वाशीम ही अकोल्याची एक तहसील होती. गावात फुटबॉलचं वेड भारी. मोहल्ल्यातली पोरं, शेतकऱ्यांची पोरं, कापसाच्या जिनातली हमाल पोरं, सगळी मिळून एक टीम; भाऊजी, म्हणजे तुझे आजोबा, त्यातलेच. पायांत काही नाही. घोट्याला जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधायच्या की झालं. अशी ही अनवाणी टीम एका वर्षी, ऐन श्रावणात, वाशीमच्या मैदानावर शील्डच्या शेवटच्या सामन्याला जाऊन उभी राहिली. समोर दूरच्या छावणीच्या गावची टीम. त्यांच्या पायांत बूट, तेही खिळ्यांचे. आणि आपली टीम जिंकली गं! एका गोलनं. आपल्याकडच्या कोणी ती शील्ड आणली ती पहिल्यांदाच.

बायांनी सामना पाहायला जायचं असतं हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं, माझ्याही नव्हतं. मी दारात उभी. झड लागलेली, रस्ता नुसता लोणी झालेला. दिवेलागणीला बैलांच्या दोन बंड्या आल्या. पुढच्या बंडीत शील्ड, डफ, गुलाल, पावसानं त्या गुलालाचा चिखल झालेला आणि पोरं बोंबलून राहिलेली. मागच्या बंडीत कडब्यावर आडवे भाऊजी. डोळे मिटलेले, तोंडावर चिखल, आणि डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बंडीला धरून ओरडल्या, "काय झालं वं माय माह्या लेकराले!"

बंडीवाला म्हणाला, "माय, रडू नोको. तुह्या पोरानं गोल मारला!"

सामन्याबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य, आणि माझ्या मनात पहिला प्रश्न काय आला असेल? गोल म्हणजे काय असतं गं? खरंच. वाटोळं असतं एवढंच ठाऊक होतं.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. भाऊजी ओसरीतल्या बाजेवर पडले. पहिले आठ दिवस घरात जत्रा. जो तो येई, "वा गा पहेलवान, काय गोल मारला!" म्हणे, चहा पिई, जाई. भाऊजी नुसतं ऐकून घेत. त्यांना त्यातलं काही आठवतच नव्हतं. बॉल हवेतून आला इथपर्यंत आठवे, त्यापुढे अंधार. जाग आली ती बंडीत.

मग लोकांचा चहा पिऊन झाला आणि लोकांना दुसरं सुचायला लागलं. टीममधलाच एक सोबती एक दिवस बाजेजवळ बसला आणि भोळेपणानं बोलून गेला, "हाटेलात लोक काई बी बोलतात, तू मनावर नोको घेऊ."

"काय बोलतात?"

"हेच, का तू आंधीच पडला व्हता म्हणून. बॉल त्याइच्याच माणसाच्या खांद्याले लागून आत गेला म्हंते. चिखलात कोण कोणाचं, काई समजलं नाई ना गा."

तो गेला. मी ताट घेऊन आले तर भाऊजींनी भाकरीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "वैनी, एक सांगा. गोल माहा असंन, तं पाय गेल्याचं मले काई नाई. पण गोल माहा नसंन, तं मंग पाय कायले गेला?"

त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून निजायला लागले, आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. गोल कोणाचा होता? एवढी हजार माणसं मैदानावर होती, कोणी तर पाहिलं असेल!

आधी घरातल्यालाच धरलं. तुझे मोठे आजोबा, म्हणजे आमचे हे, सामन्याला गेले होते. म्हटलं, "अवो, तुमी तं तथी व्हते, काय पाह्यलं?"

"छत्र्या."

"छत्र्या?"

"समोर सगया छत्र्याच व्हत्या. मी लोक ओरडले तवा ओरडलो."

झालं. आमच्या घरातला साक्षीदार असा. मग जो कोणी दारात येई, त्याला विचारी. कोणी म्हणे भाऊजींनी उडी मारून डोक्यानं मारला, कोणी म्हणे गुडघ्यानं, एकजण तर म्हणाला की छावणीच्या गोलकीपरनंच भिऊन आत घेतला. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माणूस नुसता बोलायला बसला की हवेत उडतो. तेच त्याच्या हातात त्या दिवसाची काही वस्तू असली, की तिच्याकडे पाहतो, तिला चाचपतो, आणि मग जरा बेतानं बोलतो. आणि वस्तू तर गावोगाव गेल्या होत्या! सामना संपल्याबरोबर लोकांनी मैदान लुटलं होतं. ज्याच्या हाती जे लागलं ते त्यानं नेलं. म्हटलं, आपण त्या वस्तूच गोळा करू. सामना तर पाहिला नाही. निदान तुकड्या-तुकड्यानं घरी आणू.

पहिलं मिळालं ते जाळं. गोलच्या खांबांना लावायला जाळं कुठून येणार? ते तलावावरच्या भोयाकडून मागून नेलेलं मासे धरायचं जाळं होतं. सामना झाल्यावर त्यानं ते परत आणून पाण्यात टाकलं होतं. मी आठवडी बाजारात त्याला गाठलं. म्हटलं, "काका, बॉल लागला ती जागा दाखवा." त्यानं जाळं पसरलं, खूप पाहिलं, आणि एका भोकावर बोट ठेवलं. "हे पाह्य. इथी."

"नक्की?"

"हे नाई तं मंग हे." दुसरं भोक. मग तिसरं. "खेकडे बी पाडतात ना वं भोकं, बाई. खेकड्याचं कोणतं आन् बॉलचं कोणतं, मी कसं सांगू?"

पण एक मात्र तो शपथेवर म्हणाला. बॉल वरच्या अंगाला लागला होता, छातीच्याही वर. कारण खालचा पट्टा त्यानं दगड बांधून ताणला होता आणि तिथली एक गाठ हलली नव्हती. त्यानं वरच्या अंगाचा एक तुकडा कापून दिला. मी तो भाऊजींच्या बाजेच्या खुरावर बांधला. त्यांनी मान वळवून पाहिलं. "हे काय?"

"गोल," मी म्हटलं. "निदान त्याचं दार."

त्यांनी मान पुन्हा वळवली. पण दुपारी मी पाहिलं, तर बोटांनी ते जाळं चाळत होते.

दुसरी वस्तू झेंडा. मैदानाच्या कोपऱ्यात लाल फडकं लावलेली काठी असते, तुला सांगायला नको. गोल झाला तो म्हणे त्या कोपऱ्यावरून मारलेल्या बॉलवर. ती काठी किन्हीराजा गावच्या एका माणसानं नेली होती. मला कळलं तेव्हा ज्वारी दाण्यावर आली होती, आणि माझी एक लांबची मावस नणंद तिकडे दिलेली. भेटायचं निमित्त काढून गेले, तर काय पाहते, त्या माणसाच्या बायकोनं झेंडा शेतातल्या बुजगावण्याच्या गळ्यात बांधलेला!

मी मागितला तर बाई म्हणे, "नाई वं बापा. ह्या फडक्यापासून एक पाखरू येऊन नाई राह्यलं. लोकाइच्या ज्वारीत पाह्य, आन् माह्या ज्वारीत पाह्य."

"त्याच्या बदल्यात माही लाल चोळी देतो."

"चोळीले पाखरं भेतात काय?"

"जिंकलेल्या फडक्याले भेतात तं चोळीले काहून नाई भेणार?"

हसली. चोळी घेतली, झेंडा दिला. तिचा नवरा सामन्यात त्याच कोपऱ्यात, झेंड्यापासून हातभर उभा होता. फडकं हातात धरल्यावर तो माणूस नेमकं बोलला: "बॉल इथून उठला, विळ्यासारखा वाकडा गेला आन् गोलच्या तोंडी उतरला. तथी आठ-दहा जण एकाच वेळी वर उडाले. मंग नुसता चिखल. चिखलाच्या आत काय झालं, ते मले देवानं बी नाई दाखवलं."

मी घरी येऊन भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. ते एकदम म्हणाले, "कोपरा कोणता? उजव्या हाताचा का डाव्या?"

"त्यानं उजवा सांगतला."

"मंग खरा आहे तो माणूस." आणि पुष्कळ दिवसांनी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वैनी, आता बॉल पाह्यजे."

बॉल कुठे आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तो मारुतीच्या देवळात होता. त्यावरून गावात भांडणही झालेलं. विजयाचा बॉल देवाजवळ ठेवायचा असं ठरलं, तर म्हातारे म्हणाले, चामडं देवळात चालत नाही. पोरं म्हणाली, डफ कायचा असते मग, पुठ्ठ्याचा? शेवटी तोड निघाली. गाभाऱ्यात नाही, बाहेरच्या पडवीत, आढ्याला टांगायचा, आणि नजर लागू नये म्हणून खाली बिब्बा आणि लिंबू.

आत्याबाई आतापर्यंत मला रोज ऐकवत होत्या. "सून केली का भंगारवाली? आज जाळं, उद्या फडकं. लोक म्हणतीन, हिच्या माहेरी चिंध्या बी नोत्या." पण भाऊजींनी बॉल मागितला हे कानावर गेलं, आणि त्या पदर खोचून स्वतः देवळात गेल्या. तिथे काय बोलल्या मला माहीत नाही. बॉल घेऊन आल्या. दारातूनच म्हणाल्या, "घे. पण तू पाहून बेशुद्ध पडू नोको."

अगं, तो बॉल होता कुठे! गेरूनं लालभडक रंगवलेला, वर सोनेरी बेगडाच्या टिकल्या, शिलाईच्या नाडीत मण्यांची माळ. मधे पोळा होऊन गेला होता ना. बैलांना न्हाऊमाखू घालतात, शिंगं रंगवतात, बेगड लावतात, तसाच आमच्या शेतावरच्या सालदारानं बॉलही सजवला होता. भाऊजी बाजेवरून कडाडले, "काहून रंगवला बे तो?"

सालदार काही ओशाळला नाही. म्हणाला, "भाऊ, तुमीच सांगा. बैल वर्सभर राबते म्हणून त्याचा सण. ह्या बापड्यानं वर्सभर लाथाच खाल्ल्या, आन् गावाचं नाव करून देल्लं. त्याले एक दिवस नोको? तोरणाखालून नेला मी त्याले, बैलाइच्या रांगेत. पुरणपोळीचा घास बी लावला."

आता याला काय बोलणार? आत्याबाई हसायला लागल्या, मी हसायला लागले. भाऊजी मात्र बॉल फिरवून फिरवून पाहत होते. काही खूण, काही डाग, काही दिसेल या आशेवर होते ते. सगळं गेरूखाली गेलेलं. त्यांनी बॉल हळूच खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

माझं गणित असं होतं. झेंड्यानं बॉल कुठून निघाला ते सांगितलं. जाळ्यानं कुठे पोचला ते सांगितलं. मधलं सांगणारी वस्तू ती ही, आणि तिनं पुरणपोळी खाऊन तोंड मिटलेलं.

दसरा झाला. हाडवैद्यानं कामट्या सोडल्या आणि म्हणाला, पाय थोडा आखूड राहील, पण उठा, काठी घ्या, चाला. भाऊजी उठले नाहीत. आत्याबाई रोज मागे लागत. त्यांचं एकच, "कुठी जाऊ? हाटेलात?"

आणि मग एक दिवस तुझे मोठे आजोबा बाजारातून हसत आले. म्हणाले, वाशीमच्या मोटारीवर नवा ड्रायव्हर आला आहे, आणि मोटार स्टँडवर थांबली की पोरं त्याच्या अंगावर पेरू फेकतात आणि ओरडतात, "ओ गोलकीपर, पकड!" छावणीच्या टीमचा गोलकीपर होता तो! चाकरीसाठी इकडच्या मोटारीवर आला होता बिचारा, आणि आपल्या गावानं त्याला ओळखलं.

मी म्हटलं, "त्याले घरी आणा."

"अवं, तो कायले येईन?"

"चहाले. पेरू खाऊन कंटायला असंन."

आला गं तो. उंच, काळासावळा, खाकी टोपी, बोलणं अर्धं हिंदी. इंजिनात पाणी घालायला मोटार थांबवून आला होता, आणि त्याच्या मागोमाग निम्मे पॅसेंजरही तमाशा पाहायला अंगणात. चहा दिला. भाऊजी बाजेवर उठून बसले. मग मीच दाराआडून विचारलं, "भाऊ, तुमी सगयाइच्या जवळ व्हते. गोल कोणाच्या अंगाले लागून आला?"

त्यानं कप खाली ठेवला. "भाभी, सच बोलू? मी नाही पाहिला."

"म्हंजे?"

"कीचड उडाला, माझ्या दोन्ही आंखेत गेला. गोल झाला तेव्हा मी अंधा होतो. आजवर कोणाला नाही बोललो. लोक म्हणतात गोलकीपरनं सोडला, तर म्हणू दे."

अंगणातले पॅसेंजर खो खो हसले. जवळचा एकच माणूस, आणि तोही आंधळा! पण तो पुढे म्हणाला, "दिखा नहीं, पण ऐकला. बॉल पायाला लागतो त्याचा आवाज वेगळा. खांद्याचा वेगळा. डोक्याचा एकदम वेगळा. तो आवाज माझ्या कानात अजून आहे."

आता सांग, हे ऐकून कोण गप्प बसेल? मी आत धावले आणि बॉल आणला. त्यानं तो दाबला, गेरू पाहून डोळे विस्फारले, पण विचारलं काही नाही. "हा सुका आहे, हवा पण नाही. त्या दिवशी पाणी पिऊन मणाचा झाला होता. सुका बॉल झूठ बोलेगा." लगेच कोणाच्या सायकलचा पंप आला, हवा भरली, आणि बॉल गुरांच्या डोणीत बुडवला. डोणीतलं पाणी रक्तासारखं झालं. ड्रायव्हर गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, डोळे मिटले, हात पसरले, जसा काही गोलमध्येच उभा आहे.

आधी तुझ्या मोठ्या आजोबांनी लाथ मारली. धप्प.

"नहीं. ये पांव है."

मग कोणीतरी त्यांच्या खांद्यावर फेकला. भद्द.

"ना."

मग सगळे बाजेकडे पाहायला लागले. भाऊजी म्हणाले, "माह्याकडं काय पाहून राह्यले?"

ड्रायव्हर भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाला, "भाई, डोकं तुझंच लागेल. दुसऱ्याचं डोकं उधार घेऊन कसं समजेल?"

"मले उभं राह्यता येत नाई."

आत्याबाई म्हणाल्या, "येते. राह्यत नाई तू, हे वेगळं."

भाऊजींनी आईकडे रागानं पाहिलं. मग पाय खाली सोडले. खांबाला धरलं. चेहरा आंबट झाला, घाम आला, पण उभे राहिले गं, कामट्या सुटल्यापासून पहिल्यांदा. आणि खांबाला टेकून मला म्हणाले, "वैनी, तुमीच फेका. हे लोक जोरात मारतीन."

मी! डोक्यावर पदर, अंगणभर परके पुरुष, आणि हातात तो ओला, लाल, जड गोळा. आत्याबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाहते काय? फेक! पण नाकावर नोको मारू."

पहिला माझा थेट कोंबडीच्या खुराड्यावर गेला. दुसरा नाकावरच. पॅसेंजर ओरडायला लागले, "अवो बाई, जरा वर!" "ड्रायव्हरसाहेब, वाशीमले आज पोचाचं का उद्या?" मी पदर कमरेला खोचला आणि वर फेकला. भाऊजींनी मान मागे नेऊन पुढे दिली.

ठक!

पिकलेलं कवठ झाडावरून दगडावर पडतं ना, अगदी तसा आवाज. भाऊजींच्या कपाळावरून गेरूचं पाणी नाकावर ओघळलं, आत्याबाई "अव माय, रगत!" म्हणून धावल्या, त्यांनी हातानंच थांबवलं.

ड्रायव्हर म्हणाला, "एक बार और."

ठक.

तो वळला. "हेच. यही था."

भाऊजींनी मान हलवली. "मन राखून राह्यले तुमी. घरचा चहा प्याले म्हणून."

तसा तो माणूस चिडला. "मला काय मिळणार मन राखून? गोल माझ्यावर झाला, पेरू मी खातो! आणि एवढंच नाही ऐकलं मी. ठक झाला, त्याच्या पाठोपाठ आणखी एक आवाज. बारीक. कट. सुकी तुराटी मोडावी तसा. मला वाटलं झेंड्याची काठी तुटली कुठेतरी."

भाऊजींचा हात आपोआप पायाकडे गेला. मग मला म्हणाले, ड्रायव्हरला नाही, मला, "वैनी, तो आवाज म्या कोनालेच नोता सांगतला. तेवढाच ध्यानात आहे माह्या. कानानं नाई, हाडातून ऐकला व्हता. मी समजत व्हतो, तो आंधी झाला. म्हणूनच मले वाटे लोक खरं बोलतात, आपण आंधीच पडलो." मग ड्रायव्हरकडे वळून, "आंधी काय झालं? पुन्हा सांगा."

"पहले ठक. बाद में कट."

"नक्की?"

"आंख बंद होती, कान नव्हते. पहले ठक."

तेव्हा त्या माणसाला समजलं, ती तुराटी काय होती ते. त्यानं टोपी काढली, भाऊजींच्या पायाकडे पाहिलं, आणि बाजेच्या कडेवर बसला. दोघं शेजारी बसले, एकमेकांकडे न पाहता. स्टँडवर कोणीतरी भोंगा वाजवला, मग पुन्हा वाजवला. भाऊजी म्हणाले, "चला, मोटारीपरेंत येतो."

काठी घेतली, बॉल काखेत मारला आणि निघाले. तोंडावर गेरूचे ओघळ तसेच. रस्त्यातल्या बाया घाबरून दारात येत, आणि ते हाटेलासमोरून मुद्दाम हळू चालत होते, असं तुझे मोठे आजोबा सांगत. हाटेलात काही बोलले का? छे. तिथे त्यांना काही सांगायचंच राहिलं नव्हतं. ड्रायव्हरला कोणी पेरू फेकला तर मात्र ओरडले, "ए, पाहुणा आहे तो माहा!"

शील्ड फिरती होती, वर्षभरानं परत गेली. ती आता कुठल्या कपाटात आहे देव जाणे. पुढे भाऊजींनी शेती केली, तुझी आजी आणली, आयुष्यभर एका पायानं लंगडले, आणि त्या पायाबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. वस्तू माझ्याकडेच राहिल्या. मी पुढेही गोळा करत गेले. कोणी पंचाच्या शिट्टीतला मणी आणून दिला, कोणी खांबाची ढलपी, एका भल्या माणसानं तर मैदानातली माती म्हणून पुडी दिली, ती मला तरी चुन्याचीच वाटते. ते सगळं तुला पेटीत दिसलं असेल, नारळाच्या खाली.

मी भाऊजींना एकदा विचारलं होतं, "बॉल येताना दिसते तवा माणसाले कळते काय, हा आपलाच आहे म्हणून?"

म्हणाले, "तुमी कोंबड्याइवर फेकला तवा तुमाले कळलं व्हतं काय?"

एवढंच. पुढे सांगितलं नाही, आणि मला ते अजून समजलेलं नाही. आणि आणखी एक मौज सांगू? एवढं सगळं गोळा केलं, पण मी आजपर्यंत मैदानावर उभं राहून एकही सामना पाहिला नाही. टीव्हीवर माणसं मुंगीएवढी दिसतात, आणि आवाज तर काहीच येत नाही, नुसता लोकांचा गलका.

तर पोरी, परीक्षा आटोपली की लवकर ये. चार दिवस काढून ये, चहाच्या घोटाला आल्यासारखी नको. येताना तुझा स्वतःचा बॉल आण, जुन्याला मी हात लावू देणार नाही. अंगणात मोकळी जागा आहे. मी खुर्ची टाकून कोपऱ्यात बसते, आणि तू मला नीट दाखव, मागून, पुढून, हळूहळू, की भाऊजींनी उडी मारली कशी असेल.